रेगेन्सबर्गच्या सप्टेंबरात बुलावायो

दिव्याच्या खांबांवर पुन्हा चेहरे लागलेत. काल संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत नुसतेच खांब होते. आज सकाळी कामाला निघाले तर प्रत्येक खांबावर पुठ्ठ्याचा एकेक उमेदवार, प्लास्टिकच्या पट्टीनं कमरेशी आवळलेला. सगळे हसताहेत, सगळ्यांचे दात चांगले आहेत. खालून शाळेची मुलं, सायकलवाले, कुत्रे फिरवणारे लोक मानही वर न करता निघून जातात. इथली, जर्मनीतली निवडणूक अशीच येते, पाय न वाजवता. लाउडस्पीकर नाही, ढोल नाही, रिक्षातून उधळलेली पत्रकं नाहीत. सकाळी डोनाऊ नदीवर धुकं असतं, दुपारी ऊन पिवळं होतं, बाजारात निळसर लांबट आलुबुखार येतात, बेकरीतून त्यांच्या केकचा आंबटगोड वास येतो आणि या सगळ्याच्या मधेच कुठेतरी एका रविवारी देशाचं सरकार ठरतं.

हा मोसम आला की मला बुलावायो आठवतं. मी तिथे कधीही गेलेले नाही.

बुलावायो म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिणेकडचं एक शहर. आज तो देश झिंबाब्वे. पूर्वी त्याला दक्षिण ऱ्होडेशिया म्हणत. ब्रिटिशांची वसाहत, पण स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी. स्वतःची संसद, स्वतःचा पंतप्रधान, ठरल्या वेळी सार्वत्रिक निवडणूक. फक्त त्या 'सार्वत्रिक'मध्ये कोण बसतं आणि कोण नाही, एवढाच प्रश्न होता. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. चार वर्षांपूर्वीच्या अशाच एका सप्टेंबरात, बवेरियातल्या एका स्वयंपाकघरात, आलुबुखारांच्या बिया काढता काढता कुसुमकाकूंनी मला ते सांगितलं.

तेव्हा मी इथल्या विद्यापीठात पीएचडी करत होते आणि सुधाताईंच्या घरात माळ्यावरची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. सुधाताई इस्पितळात डॉक्टर, त्यांचा नवरा मार्टिन जर्मन. कुसुमकाकू दामले म्हणजे सुधाताईंची आई. सत्तरी गाठलेली, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, सुती साडीवर लोकरीचं जाड जाकीट आणि पायात पांढरे कापडी बूट. सावंतवाडीची मुलगी लग्न होऊन बोटीनं आफ्रिकेला गेली, तिथे तिचा संसार झाला, नवरा गेला आणि मग लेकीनं इकडे आणलं, असा त्यांचा प्रवास. मला त्यांच्या बोलण्याची फार मौज वाटे. आम्हा पुण्याच्या पोरांच्या मराठीत इंग्रजी सगळीकडे सांडलेलं असतं, वर जर्मन 'आल्झो' आणि 'गेनाऊ'ची, म्हणजे 'तर मग' आणि 'अगदी बरोबर'ची, फोडणी. काकूंचं मराठी वेगळं आणि इंग्रजी वेगळं. मराठी पन्नासेक वर्षांपूर्वीच्या कोकणातलं, जसंच्या तसं ठेवलेलं. इंग्रजी मात्र इस्त्री केल्यासारखं, प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत नेलेलं. असं इंग्रजी त्या कुठे शिकल्या, हे विचारायचं माझ्या मनात अनेकदा आलं होतं. विचारायची वेळ त्या सप्टेंबरात आली.

त्या वर्षी निवडणूक मुदतीआधीच लागली होती. वसंतात काकूंना जर्मन नागरिकत्व मिळालं होतं आणि उन्हाळा सरता सरता मतदानाचं कार्ड पोस्टानं आलं. काकूंनी ते फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलं. सुधाताई इस्पितळातून थकून आल्या, कार्ड पाहिलं आणि म्हणाल्या, "आई, आपण ब्रीफवाल करून टाकू. तुझा गुडघा तसा. उगाच चढउतार कशाला?"

"ब्रीफवाल म्हणजे?"

"पोस्टानं मत. घरीच खूण करायची आणि पाकीट डब्यात टाकायचं."

"मत काय पोस्टाच्या डब्यात टाकायचं?" काकू म्हणाल्या. "मी चालत जाणार."

सुधाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी मला हाक मारली. टेबलावर वर्तमानपत्रात आलेली नमुन्याची मतपत्रिका पसरलेली, शेजारी आलुबुखारांची पाटी आणि दोन सुऱ्या. काकू दर सप्टेंबरात त्या आलुबुखारांचा मेथांबा करत. कैरीची सर नाही, पण मेथी आणि गूळ कुठल्याही आंबट फळाला आपलं म्हणतात, असं त्यांचं मत होतं. "मला हे सगळं नीट वाचायला शिकव," त्या म्हणाल्या. "तिथे जाऊन अडखळायला नको."

काकूंचं जर्मन भाजीवालीशी आणि बसच्या ड्रायव्हरशी बोलण्यापुरतं. मतपत्रिकेवरचे शब्द म्हणजे मालगाडीचे डबे. मी एकेक डबा सोडवून दाखवू लागले. ही डावीकडची यादी आपल्या भागातल्या उमेदवारांची, इथे पहिलं मत. ही उजवीकडची पक्षांची, इथे दुसरं.

"एका माणसाला दोन मतं?"

"हो. इथे प्रत्येकाला दोन."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. मग सुरीनं एक फळ उभं चिरत सहज विचारलं, "आणि तू कुणाला देणार?"

"मला कुठलं मत, काकू? मी इथे परकी. व्हिसावर आलेली."

सुरी थांबली. "म्हणजे तू मला शिकवणार आणि मी जाऊन मत देणार."

"गेनाऊ," मी हसत म्हटलं.

काकू हसल्या नाहीत. बी काढून बशीत टाकली, हात पुसले आणि म्हणाल्या, "माझ्या आयुष्यात हे दुसऱ्यांदा होतंय."

आणि मग त्या स्वयंपाकघरात बुलावायो आलं. एका दुपारी नाही. आठवडाभर थोडं थोडं येत राहिलं, मतपत्रिकेच्या धड्याच्या आधी आणि नंतर. मी पाहिलं नसलेलं ते गाव मला आज आमच्या पुण्यातल्या जुन्या गल्ल्यांपेक्षा स्पष्ट दिसतं. प्रचंड रुंद रस्ते, बैलांच्या लांबलचक जोड्यांची गाडी एका दमात वळावी म्हणून आखलेले. कोरडी लाल माती. आणि गुलमोहर, जो आपल्याकडे मे महिन्यात पेटतो तो तिथे नाताळच्या आसपास फुललेला. "पहिल्या वर्षी मला काही सुधरेचना," काकू म्हणत. "डिसेंबर म्हणावा तर उकाडा. उकाडा म्हणावा तर नाताळ. सगळं वर्षच उलटं टांगलेलं."

काका, म्हणजे काकूंचे यजमान, एशियन मुलांच्या शाळेत गणित शिकवत. शहर वाटलेलं होतं. गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या, हिंदी लोकांची वेगळी, आफ्रिकनांची गावाच्या कडेला. शाळा वेगळ्या, बाकं वेगळी, पोस्टात रांगा वेगळ्या. अशा गावात एका शनिवारी दुपारी काका एका उंच, सडपातळ आफ्रिकन माणसाला घेऊन घरी आले. मिशनच्या शाळेतले इंग्रजीचे शिक्षक, एन्ड्लोव्हू. काकूंच्या जिभेला ते नाव पहिल्या दिवशी वळलं नाही, म्हणून त्या त्यांना लोव्हूमास्तर म्हणू लागल्या आणि पुढे त्यांचं तेच नाव झालं. मास्तरांना बाहेरून पदवीची परीक्षा द्यायची होती आणि गणित अडत होतं. काका ते शिकवायला तयार होते. मास्तर म्हणाले, मी फुकट शिकणार नाही, मीही काही शिकवीन.

"मग माझ्या बायकोला इंग्रजी शिकवा," काका म्हणाले.

तर दर शनिवारी लाल पॉलिश केलेल्या व्हरांड्यात आधी मास्तर विद्यार्थी होत आणि मग मास्तर होत. काकू मक्याच्या पिठाची भाकरी थापत. ते पीठ मास्तरांच्याही घरात रोजचं, पण त्याची अशी पातळ भाकरी होते हे त्यांना नवल. शेजारच्या बाईंनी एकदा कुंपणावरून ऐकवलं, तुमच्या बैठकीत काळा माणूस खुर्चीवर बसतो म्हणे. काकू म्हणाल्या, तो खुर्चीवर बसतो आणि मी त्याच्यासमोर स्टुलावर बसते, कारण तो मास्तर आहे. हे उत्तर त्यांनी मराठीत दिलं होतं. इंग्रजीत द्यायला अजून वर्ष जायचं होतं.

"मास्तर मारायचे का हो धड्यात?" मी गंमतीनं विचारलं.

"छे! फक्त वाक्य पुरं करायला लावायचे. अर्धं वाक्य बोलले की नुसते बघत बसायचे. उरलेलं अर्धं मलाच लाज वाटून सापडायचं."

मग निवडणूक जाहीर झाली. त्या देशात मत मिळायला मिळकत लागे, शिक्षण लागे. नवऱ्याच्या मिळकतीवर बायकोचं नाव लागू शके, पण अर्ज तिनं स्वतः, इंग्रजीत, कोणाच्या मदतीशिवाय भरायला हवा. काका म्हणाले, "कुसुम, तू भर." काकूंना वाटलं थट्टा करताहेत. मास्तर मात्र गंभीर झाले. तेव्हापासून धड्यात गोष्टी बंद झाल्या आणि फक्त नाव, पत्ता, जन्मस्थळ, पतीचा व्यवसाय. काकू व्हरांड्याच्या पायरीवर खडूनं लिहीत आणि पुसत. कचेरीत गेल्या त्या दिवशी समोरच्या गोऱ्या कारकुनानं टाक पुढे केला आणि हात बांधून बघत राहिला. "त्याला वाटलं ही साडीवाली आता नवऱ्याकडे बघणार," काकू मला म्हणाल्या. "मी कागदाकडे बघितलं. सावंतवाडीचं स्पेलिंग तर त्यालाही आलं नसतं!"

त्यांचं नाव यादीत लागलं. घरी शिरा झाला. मास्तर आले, दोन वाट्या शिरा खाल्ला, आणि मगच काकूंनी विचारलं, "तुमचं नाव लागलं?"

मास्तरांनी रुमालानं बोटं पुसली. त्या देशात दोन याद्या होत्या, ते त्यांनी काकूंना समजावलं. वरची यादी आणि खालची यादी. वरच्या यादीची मतं बहुतेक सगळ्या जागा ठरवत. तिच्यात येण्याइतका पगार आफ्रिकन शिक्षकाला कोण देणार? शिकलेला असला तर तो खालच्या यादीत, मूठभर जागांसाठी. त्यांच्या पुढाऱ्यांच्या पक्षावर बंदी आलेली, कितीजण अटकेत. लोकांनी ठरवलं होतं की या खालच्या यादीला हात लावायचा नाही.

"मी नाव नोंदवलेलं नाही, मिसेस दामले. नोंदवणारही नाही."

काकूंना शिरा गिळवेना. ज्यानं अक्षर शिकवलं तो यादीच्या बाहेर, आणि पायरीवर खडूनं गिरवणारी आत, तीही वरच्या यादीत.

काकांना हे पटलं नव्हतं. त्यानंतरच्या शनिवारी गणित बाजूलाच राहिलं. काकांचं म्हणणं, आहे ते मत वापरा, नाहीतर मैदान कडव्या गोऱ्यांना मोकळं मिळेल. मास्तरांचं म्हणणं, खालच्या यादीत सही करणं म्हणजे मी खालचा आहे हे माझ्याच हातानं लिहून देणं. दोघंही आवाज न चढवता बोलत होते, दोघंही शिक्षक. काकू आत पोळ्या लाटत ऐकत होत्या आणि त्यांना दोघांचंही खरं वाटत होतं. "हे म्हणाले की वाटे, बरोबर. मास्तर म्हणाले की वाटे, तेही बरोबर. पोळी मात्र एकीकडे जाड, एकीकडे पातळ."

काकू सांगत होत्या आणि गॅसवर मेथांब्याचा गूळ विरघळत होता. खिडकीबाहेर, समोरच्या खांबावर, पुठ्ठ्यातली एक बाई हसत होती. तीच पुढे या देशाची पहिली बाई चॅन्सेलर झाली, पण त्या दुपारी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मला तेव्हा प्रथमच वाटलं की मत ही गोष्ट आपण किती हलक्या हातानं वापरतो. पुण्यात मी एकदाच मत दिलं होतं, तेही बाबांच्या स्कूटरवर मागे बसून जाऊन, येताना जिलबी घेऊन. माझं नाव यादीत कुणी घातलं, हे मला माहीतही नव्हतं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी मास्तरांनाच विचारलं. फाटकापाशी. हे आत होते. म्हटलं, मास्तर, मी जाऊ की नको?"

"काय म्हणाले?"

ते वाक्य काकूंनी आधी त्यांच्या त्या इस्त्रीच्या इंग्रजीत म्हटलं. मग माझ्यासाठी मराठीत. "मिसेस दामले, हे कुणाला विचारावं लागू नये, म्हणून तर मी तुम्हाला वाचायला शिकवलं."

काकू गेल्या. गुलमोहराखाली मतदान केंद्र होतं, पायाखाली लाल पाकळ्यांचा सडा. रांगेत सगळे गोरे, मधे मधे चारदोन हिंदी. समोरच्या फुटपाथवरून आफ्रिकन माणसं नेहमीसारखी कामाला चाललेली, या रांगेकडे न बघता. काकूंनी त्यातल्या त्यात मवाळ माणसाला मत दिलं. आणि तो पडला. देशात कडव्या गोऱ्यांच्या पक्षाचं सरकार आलं.

नंतरच्या शनिवारी मास्तर आले तेव्हा काका व्हरांड्यात उभेच होते. ते एरवी कधी कुणाला टोचून बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "या. अभिनंदन. तुम्ही घरी बसलात आणि ते निवडून आले."

मास्तर पायरीवर थांबले. "दामले," ते म्हणाले, "या देशाचं घर त्यांनीच बांधलं, दारही त्यांनीच केलं, आणि मी आत आलो नाही हा दोष माझा?"

ते तिथूनच परत फिरले. भाकरी तव्यावर होती. काकू हात पिठाचे तसेच घेऊन फाटकापर्यंत गेल्या, पण मास्तर तोवर कोपऱ्यावर वळले होते. त्यानंतरचा शनिवार रिकामा गेला, मग त्याच्या पुढचा. काका खुर्ची व्हरांड्यात मांडत आणि वर्तमानपत्र घेऊन तिच्या शेजारी बसत. चूक झाली असं ते म्हणाले नाहीत. खुर्ची मात्र आतही नेली नाही.

मला वाटतं, काकूंच्या गोष्टीत मला सर्वात जास्त लागली ती ही खुर्ची. माणसं सरकारांमुळे तुटतात, पण ती तुटतात आपल्या आपल्या पायरीवर.

पुढे काळ बिघडत गेला. एके दिवशी मास्तरांची बायको दारात उभी राहिली. मास्तरांना पोलिसांनी नेलं होतं. खटला नाही, शिक्षा नाही, दूर रानातल्या एका छावणीत नुसतं ठेवून दिलेलं. ती काही मागायला आली नव्हती. निरोप द्यायला आली होती, की मिसेस दामल्यांनी वाचन सोडू नये. काकूंनी तिला आत बसवलं, चहा दिला. ती गेल्यावर काकू टेबलाशी बसल्या आणि आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पत्र लिहायला घेतलं.

काका मागून आले. "कुणाला?"

"मास्तरांना."

काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "माझाही नमस्कार लिही. लिही की गणित करत राहा म्हणावं."

महिनाभरानं छावणीतून पाकीट आलं. आत काकूंचंच पत्र होतं, पेन्सिलीनं तपासलेलं. जिथे चुकलं तिथे खाली रेघ, वर नीट रूप. काकूंनी लिहिलं होतं, 'वी आर मिसिंग यू.' मास्तरांनी ते खोडून वर लिहिलं होतं, 'वी मिस यू.' आणि समासात बारीक अक्षरात, की ही गोष्ट आत्ता थोडा वेळ चालू असलेली नसते, ती असतेच, म्हणून साधा वर्तमानकाळ.

हे सांगताना काकू हसल्या. मला हसू आलं नाही. मी उठून उगाचच मेथांबा ढवळला.

वर्षानुवर्षं ती पत्रं जात राहिली आणि तपासून परत येत राहिली. काकूंचं सगळं इंग्रजी त्या छावणीत इस्त्री झालं. काका मास्तरांना भेटले नाहीत. मास्तर सुटून येण्याआधीच एका हिवाळ्यात काकांचं हृदय थांबलं. सुटल्यावर मास्तर आले, पांढऱ्या केसांचे, थोडे वाकलेले. व्हरांड्यातल्या त्या खुर्चीत बसले आणि काकांच्या फोटोकडे बघत काकूंना म्हणाले, "तो चुकला नव्हता. मीही चुकलो नव्हतो. पण आम्ही दोघांनी त्या दिवशी वाक्य अर्धंच ठेवलं."

आमचा मतदानाचा रविवार उजाडला तो धुक्याचा. सुधाताई गाडी काढत होत्या, काकू नको म्हणाल्या. त्यांनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती, वर जाकीट, खाली तेच बूट. मी हात धरला. शाळा दोन गल्ल्या पलीकडे, पण आम्ही वाटेत दोनदा बाकावर टेकलो. झाडांवरून पाणी ठिबकत होतं. चर्चमधून निघालेली माणसं चांगल्या कपड्यांत, रमतगमत शाळेकडे वळत होती. सारं इतकं शांत की मला काकूंच्या गोष्टीतला तो सगळा जीवघेणा घोळ आणि हा रविवार, या दोन्हींना निवडणूकच म्हणतात याचं आश्चर्य वाटत राहिलं.

वर्गात बालवाडीच्या आकाराच्या खुर्च्या. भिंतीवर मुलांनी रंगवलेली सूर्यफुलं. टेबलामागच्या बाईंनी काकूंचं कार्ड घेतलं, ओळखपत्राशी ताडलं, घडी घातलेला कागद दिला. माझ्याकडे पाहून विचारलं, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मी नुसती सोबत. "गेर्ने, खुशाल," त्या म्हणाल्या आणि मला दाराशी उभं राहायला सांगितलं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मला काकूंचे पांढरे बूट तेवढे दिसत होते. ते बराच वेळ हलले नाहीत. शब्द अडला की काय? डावं-उजवं उलट झालं की काय? आत जाऊन सांगायची सोय नव्हती. मी सूर्यफुलं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग बूट वळले. काकू बाहेर आल्या, कागद पेटीत टाकला, त्या बाईंना मान लववून 'डांके' म्हणाल्या आणि कुणाचाही हात न धरता दारापर्यंत चालत आल्या.

"जमलं?"

"सगळं वाचलं. खालपर्यंत. ज्यांना मत द्यायचं नव्हतं, तेसुद्धा," त्या म्हणाल्या.

बाहेर धुकं विरलं होतं. शाळेच्या कुंपणाशी बाकावर बसलो. मी थर्मासमधून चहा ओतला. काकूंनी आपली बोटं उन्हात धरून पाहिली. "इथे शाई लावत नाहीत?"

"नाही. इथे विश्वास आहे म्हणे."

"तिकडे शेवटच्या वेळी लावली होती," काकू म्हणाल्या. आणि राहिलेलं सांगितलं.

गोऱ्यांच्या राज्याविरुद्धची आफ्रिकनांची लढाई संपून ब्रिटिशांचा गव्हर्नर परत आला होता, आणि ज्यानंतर तो देश स्वतंत्र होणार होता ती निवडणूक. आता प्रत्येक आफ्रिकन माणसाला मत होतं. यादी मात्र अजूनही एक नव्हती. गोऱ्यांसाठी थोड्या जागा राखलेल्या, आणि हिंदी लोकांना त्या गोऱ्यांच्याच यादीत घातलेलं. त्या यादीचं मतदान आधीच उरकलं होतं. खऱ्या मतदानाच्या दिवशी काकू पहाटे उठल्या, डबा केला, छत्री घेतली आणि मास्तरांच्या वस्तीत गेल्या. रांग मैदानाला वळसा घालून पार रस्त्यापर्यंत गेलेली. म्हातारे, बाळंतिणी, शाळेच्या गणवेशातल्या मुलांना घेऊन आलेल्या आया. मास्तर रांगेत टाय लावून उभे होते. काकू त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"मिसेस दामले, तुम्ही इथे कशा? अजून दोन याद्या आहेत."

"ठाऊक आहे."

"या खेपेला मोठी यादी माझी," मास्तर म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांनी पूर्वीसारखे हसले.

ऊन चढत गेलं. काकूंनी छत्री दोघांवर धरली. डब्यातली भाकरी रांगेत आजूबाजूला वाटून संपली. दुपारी एक तरुण गोरा अधिकारी रांग तपासत आला आणि काकूंपाशी थांबला. मॅडम, तुमचं मत इथे नाही, तुम्ही उगाच उन्हात उभ्या आहात.

"मग?" मी विचारलं.

काकू बाकावर ताठ बसल्या. "मी त्याला सांगितलं, मला माहीत आहे. मी माझ्या शिक्षकांबरोबर थांबले आहे. इंग्रजीत सांगितलं. त्या मुलानं टोपीला हात लावला आणि पुढे गेला."

सूर्य कलता कलता मास्तर आत गेले. काकू दोरीच्या अलीकडे थांबल्या, तिथून पुढे जायची परवानगी नव्हती. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. त्यांचा टाय सैल झाला होता. तिकडची शाई बोटावर डाग पाडणारी नव्हती. बिनरंगाच्या कसल्या तरी पाण्यात हात बुडवून घेत, ते खास दिव्याखालीच दिसे.

"मास्तरांनी लांबूनच मला पंजा वर करून दाखवला," काकू म्हणाल्या. "हातावर काही नव्हतं गं. ओला हात, बाकी काही नाही. पण ते इतका वेळ दाखवत राहिले आणि मी इतका वेळ बघत राहिले की माझ्यामागची माणसंसुद्धा बघायला लागली."

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यांचं इथलं मत ते तेवढंच झालं. मला कधी कधी वाटतं, त्यांना अजून एकदा द्यायला मिळायला हवं होतं. मग वाटतं, त्यांनी दिलं तसं एकदा दिलं तरी पुष्कळ.

त्या रविवारी बाकावर बसल्या बसल्या मास्तरांनी हात कसा दाखवला, ते मला कळावं म्हणून काकूंनी आपला पंजा वर केला. सुरकुतलेला, मेथीचा पिवळा रंग नखांत राहिलेला, पूर्ण उघडा. समोरच्या रस्त्यानं हिरवी टोपी घातलेले एक आजोबा सायकलवरून मतदानाला येत होते. त्यांना वाटलं, या बाई आपल्यालाच हात करताहेत. त्यांनीही हँडलवरून हात उचलला, सायकल जराशी डगमगली.

"ग्रूस गॉट!" त्यांनी इथल्या पद्धतीचा रामराम केला.

काकूंनी हात खाली घेतला नाही. "ग्रूस गॉट," त्या म्हणाल्या.